शामरावांचं विंडोज, पद्मिनीबाईंचं डॉस

शामराव चिंतावार पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं होते आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी चार मोठे साहेब, दोन चौकशा आणि एक लांबलेला संप पचवला होता. पण घरातल्या कम्प्युटरपुढे बसले की त्यांच्या कपाळाला घाम यायचा. ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती.

कम्प्युटर घरात आला १९९४ साली. आंध्रातल्या आदिलाबादच्या बसस्टँडमागचा एक कम्प्युटर क्लास बंद पडला, चालवणारा माणूस हैदराबादला निघून गेला, आणि जाताना त्याचं एक मशीन शामरावांनी घेतलं. रिकामपणात हाताशी काहीतरी असावं, एवढाच हेतू. मशीनवर डॉस होतं. बटण दाबलं की काळा पडदा यायचा, त्यावर एक बारीक रेघ लुकलुकायची आणि पुढे काय करायचं ते आपण लिहून सांगायचं. ते हुकूम इंग्रजीत, आणि सगळे तोंडपाठ हवेत. एक अक्षर इकडचं तिकडे झालं की मशीन 'बॅड कमांड' असं तोंडावर फेकायचं. शामरावांना ते फार लागायचं.

"कचेरीत साहेब फाइल परत पाठवे तर शेरा तरी लिहे, काऊन परत केली म्हणून," ते म्हणायचे. "हे तर बाप्पा कारणबी सांगत नाई."

आठ-दहा दिवसांत त्यांनी नाद सोडला. मशीन मात्र पडून राहिलं नाही. त्यांच्या बायकोनं, पद्मिनीबाईंनी, ते ताब्यात घेतलं.

पद्मिनीबाई मराठी शाळेत शिकवत होत्या. तामसीकडच्या खेड्यांतली मुलं आठवीला शहरात यायची. घरी मराठी बोललेली, सातवीपर्यंत मराठीत शिकलेली. पण दवाखान्यातली पाटी तेलुगूत, बसवरचं गावाचं नाव तेलुगूत, तहसीलचा कागद तेलुगूत. अशा मुलांसाठी मराठी आणि तेलुगू शब्द शेजारी शेजारी मांडलेली एक वही करायची, असं बाईंच्या मनात कधीपासून होतं. आणि योगायोग असा की क्लासवाल्यानं त्या मशीनमध्ये एक कार्ड बसवून घेतलं होतं, ज्यानं पडद्यावर मराठीही उमटायची आणि तेलुगूही. शब्द एकदा तेलुगूत लिहिला की एक कळ दाबून तोच नागरीत दिसायचा. बाईंनी क्लासवाल्याकडून चार दुपारी बसून हुकूम शिकून घेतले, ते शाळेच्या डायरीत उतरवले आणि महिनाभरात डायरी उघडायची गरज उरली नाही. पाऊस, वाना. कापूस, पत्ति. विंचू, तेलु. रोज दहा-बारा शब्द होत. दोन वर्षांत यादी सातशेच्या पुढे गेली.

याच काळात बाईंचा उजवा हात थरथरू लागला होता. शामरावांना ते माहीत होतं, निदान तसं त्यांना वाटायचं. चहाचा कप बशीवर वाजू लागला तेव्हा बाईंनी कपबशी सोडून स्टीलचा पेला धरला. "वय झालं," त्या म्हणाल्या. तेव्हा त्या पंचावन्नच्या होत्या. शामरावांनी मान हलवली आणि विषय संपला.

१९९६ च्या डिसेंबरात पद्मिनीबाई नारनूरला गेल्या. त्यांची धाकटी बहीण रुख्मिणी हिच्या सुनेचं बाळंतपण होतं. बाई तिकडे असतानाच शामरावांचा पुतण्या व्यंकटेश दोन दिवसांसाठी आला. तो हैदराबादला एका कम्प्युटर कंपनीत होता. आल्या आल्या त्याने मशीन चालू करून पाहिलं आणि हसला.

"काका, अजून डॉसच? सगळं जग विंडोजवर गेलं."

"म्हणजे काय होते त्यानं?"

"काही पाठ करायचं काम नाही. सगळं पडद्यावर चित्रात दिसतं. माउस न्यायचा आणि टिचकी मारायची."

पाठ करायचं काम नाही, हे शब्द शामरावांच्या कानाला फार गोड लागले. व्यंकटेशच्या बॅगेत नवी हार्डडिस्क होती, मेमरी होती, माउस होता; हे सगळं त्याने काकांसाठीच आणलं होतं. पेटी उघडण्याआधी तो एकदा थांबला.

"काकूंना विचारायचं का? त्या यावर काही लिहितात ना?"

"तिले काय विचारायचं? नवं हाय, चांगलंच असंल. आल्यावर पाहून खूश होईल."

दुपारभर काम चाललं. जुन्या डिस्कवरचं सगळं व्यंकटेशने नव्या डिस्कवर 'ओल्ड' नावाच्या एका कप्प्यात ठेवलं. भाषेचं कार्ड मात्र त्याने काढलं. ते असलं की विंडोज सोळा रंगांपुढे जात नव्हतं आणि काढलं की हजारो रंग दिसत. ते वर्तमानपत्रात गुंडाळून त्याने कपाटावर ठेवलं, काकांना दाखवून ठेवलं, आणि संध्याकाळच्या बसने गेला.

पुढचे चार दिवस शामराव जेवायला हाक मारल्याशिवाय उठले नसते, पण हाक मारायला घरात कुणी नव्हतं, त्यामुळे ते दोन-दोन वाजेपर्यंत उपाशी बसले. विंडोज त्यांना पहिल्या तासातच उमगलं. पिवळे फोल्डर, फोल्डरमध्ये फायली, फायलीत कागद. हे तर त्यांचंच खातं होतं. चुकून टाकलेली फाइल टोपलीतून जशीच्या तशी काढता येते हे कळल्यावर ते खुर्चीतच हसले. कचेरीत अशी टोपली असती तर किती जणांचं निलंबन टळलं असतं! त्यांनी पेन्शन कचेरीला एक इंग्रजी पत्र लिहिलं, निळ्या डोंगराचं चित्र काढलं, पत्त्यांचा डाव मांडून दोनदा जिंकला. मशीनने एकदाही त्यांचा अपमान केला नाही.

रविवारी पद्मिनीबाई परतल्या. हातपाय धुऊन होत नाहीत तोच शामरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"पाहा. आता काही पाठ नाई करा लागत. हा उंदीर धरा अन् त्या चित्रावर दोन टिचक्या मारा."

बाईंनी माउसवर हात ठेवला. पडद्यावरचा बाण आगपेटीत कोंडलेल्या नाकतोड्यासारखा उड्या मारू लागला. तो चित्रावर येई, आणि टिचकी मारेपर्यंत बाजूला गेलेला असे. एक टिचकी बसली की दुसरी भलतीकडेच पडे. एकदा तर पूर्ण चित्रच बाणाला चिकटून पडद्याच्या दुसऱ्या टोकाला गेलं.

"सावकाश," शामराव म्हणाले. "इतकी घाई काऊन करता?"

"घाई नाई करून राह्यली मी," बाई म्हणाल्या. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा प्रयत्न केला. नाही जमलं. "माझी यादी कुठी हाय?"

शामरावांनी 'ओल्ड'मधून यादी उघडून दाखवली. पडद्यावर शब्द होते, पण ते ना मराठी ना तेलुगू. डोक्यावर टिंबं आणि तिरप्या रेघा असलेली कुठल्या तरी परमुलखातली अक्षरं ओळीने उभी होती. बाई पडद्याजवळ वाकल्या.

"गेलं नाई ते," शामराव घाईने म्हणाले. "व्यंकटेश म्हणे सगळं आतमंदी आहे. फक्त दिसत नाई."

"बरं," बाई म्हणाल्या. "छान हाय तुमचं विंडोज. तुमी बसा, मी कुकर लावते."

त्यांनी तक्रार केली नाही, आणि शामरावांनी त्याचा अर्थ काढायचा तो काढला. बाईंनी आता कागदावर यादी करायला घेतली आहे हे त्यांना दिसत होतं. बरंच झालं, एका मशीनवर दोघांची ओढाताण नको, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

जानेवारीत संक्रांतीनंतर तामसीहून यशवंतराव आले. ते तिथल्या शाळेचे हेडमास्तर. बाईंची यादी जूनमध्ये शाळा उघडताना मुलांना द्यायची असं त्यांनीच ठरवलं होतं. बाई शाळेत गेल्या होत्या. यशवंतराव पाणी प्यायले, कापसाच्या वेचणीबद्दल बोलले, मुलगा नांदेडला काय शिकतो ते सांगितलं. उठायला आले तरी हातातली पिशवी त्यांनी उघडली नव्हती. शेवटी त्यातून त्यांनी एक लिफाफा काढला.

"शामराव, वाईट नका मानू. बाईंनी हे पाठवलं होतं, नवे शब्द. आमच्याकडं तिघा मास्तरांनी पाह्यलं. आम्हाले अक्षरच लागत नाई."

शामरावांनी कागद हातात घेतले. चार पानं होती. पद्मिनीबाईंचं अक्षर त्यांना तीस वर्षांपासून ओळखीचं होतं; लग्न ठरल्यावर आलेलं पहिलं पत्र पाहून त्यांच्या वडलांनी ते सगळ्या घराला दाखवलं होतं. या पानांवर ते अक्षर नव्हतंच. रेघा एकमेकींवर चढल्या होत्या, वेलांट्या तुटल्या होत्या, काही ठिकाणी पेन कागदातून आरपार गेलं होतं. दुसऱ्या पानावर एकच शब्द पाच वेळा लिहून पाच वेळा खोडला होता. तो 'मीठ' असावा.

"बाईंना मी आलो होतो हे सांगू नका," यशवंतराव दारात म्हणाले. "त्यांना लागंल."

दिवसभर शामराव कम्प्युटरपुढे बसले नाहीत. कपबशी, पेला, पोस्टाच्या कागदावर 'तुमीच भरा' म्हणून पुढे केलेलं पेन, शाळेत फळ्यावर हल्ली मुलीच लिहितात असं बाई हसून सांगायच्या ते, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेलं. प्रत्येक गोष्ट त्यांनी पाहिली होती. एकही दुसरीला जोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाजी निवडत होत्या तिथे ते पाट घेऊन बसले आणि लिफाफा मधे ठेवला. यशवंतरावांनी सांगू नका म्हटलं होतं, पण दुसरा रस्ता त्यांना सुचला नाही.

बाईंनी लिफाफा ओळखला. मेथीची काडी हातातच राहिली.

"हात इतका झाला हे मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगून काय करता? मशीनवर माझं काम होऊन राह्यलं होतं. हाताचं मनगट टेकवायचं, एक बोट उचलायचं, एक अक्षर दाबायचं. क दाबताना चार क पडले तर तीन खोडायचे. शेवटी अक्षर दिसते ते सगळ्यायसारखंच. हात कसा हाय ते त्या डॉसले समजत नाई."

"मंग विंडोज घातलं तवा तरी बोलायचं."

"तुमी इतके खूश होते," बाई म्हणाल्या. "निवृत्त झाल्यापासून तुमाले असं पाह्यलं नव्हतं. म्हटलं, राहू द्या."

 शामराव मेथी निवडू लागले. त्यांना ती निवडता येत नव्हती; काड्याच पानांत गेल्या. बाईंनी त्या मुकाट्याने वेगळ्या केल्या.

अकरा वाजता ते एसटीडी बूथवर गेले आणि व्यंकटेशच्या ऑफिसात फोन लावला. व्यंकटेशने सगळं ऐकून घेतलं.

"काका, डॉस गेलेलं नाही. विंडोजच्या पोटातच आहे. मशीन सुरू होताना एफ-एट दाबायचं, एक यादी येईल, त्यातलं 'कमांड प्रॉम्प्ट ओन्ली' निवडायचं. मग काकूंचा काळा पडदा येईल. पण ते कार्ड परत बसवावं लागेल. मी पुढच्या महिन्यात येतो."

"पुढच्या महिन्यात नाई. मी बसवतो. सांग."

"तुम्ही?" व्यंकटेश म्हणाला. "बरं, लिहून घ्या. आणि काका, कार्ड बसलं की विंडोजला सोळाच रंग. तुमची चित्रं खराब दिसतील."

"दिसू दे."

शामरावांनी बूथवाल्याच्या कागदावर चौदा मुद्दे उतरवून घेतले, घरी येऊन ते स्वच्छ अक्षरात टिपणीसारखे लिहिले आणि रविवारी सकाळी, उजेड भरपूर असताना, मशीनची पेटी जमिनीवर चादर घालून तिच्यावर ठेवली. वायर काढली. ती खरंच काढली आहे का ते तीनदा पाहिलं. बाई टॉर्च घेऊन शेजारी बसल्या. उजेड पेटीत सगळीकडे नाचू लागला.

"टॉर्च पुस्तकांवर ठेवा," शामराव म्हणाले. हेच वाक्य महिन्यापूर्वी त्यांनी चिडून म्हटलं असतं. आता त्यांनीच तीन जाड पुस्तकं आणून थप्पी केली आणि वर टॉर्च टेकवला.

कार्ड खाचेत बसायला तयार नव्हतं. जोर लावायची त्यांना भीती वाटत होती आणि न लावता ते जात नव्हतं. बाई म्हणाल्या, "दोन्ही टोकांवर सारखं दाबा, क्लासवाला तसंच करे." त्यांनी दाबलं. 'कट्' असा आवाज झाला. काही मोडलं असं समजून शामरावांनी डोळे मिटले, पण ते बसलं होतं.

मशीन सुरू केलं, एफ-एट दाबलं, यादी आली. काळा पडदा आला. शामरावांची टिपणी तेराव्या मुद्द्यापर्यंत आली होती. चौदाव्यात व्यंकटेशने सांगितलेला हुकूम होता. तो त्यांनी एकेक अक्षर शोधून लिहिला.

'बॅड कमांड ऑर फाइल नेम.'

शामराव खुर्चीतून अर्धे उठले. "बिघडलं काहीतरी."

"काही बिघडलं नाई. सरका," बाई म्हणाल्या.

त्या बसल्या. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं आणि एका बोटाने लिहू लागल्या. सगळं 'ओल्ड'मध्ये गेलं म्हणजे पत्ता बदलला, मशीन जुन्याच पत्त्यावर शोधून राह्यलं, असं त्या लिहिता लिहिता सांगत होत्या, जसं वर्गात सांगत असतील. त्यांनी एक फाइल उघडली, तिच्यातल्या चार ओळींत 'ओल्ड' हा शब्द घातला. दोन ठिकाणी ओ दोनदा पडला, तो खोडला. मग बंद करून तोच हुकूम पुन्हा दिला.

पडद्यावर नागरी अक्षरं आली. भाकरी, रोट्टे. शाळा, बडि. बाईंनी कळ दाबली आणि दुसरा रकाना तेलुगू झाला, पुन्हा दाबली आणि नागरी. सातशे बेचाळीस शब्द होते. एकही गेला नव्हता.

शामराव मागे उभे होते. आपल्याला दोन वर्षं ज्याची धास्ती वाटली ते आपली बायको इतक्या सहज चालवते हे त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं.

फेब्रुवारीत ते बाईंना नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी बाईंना चालायला सांगितलं, बोटं उघडझाप करायला लावली, मग कागद पुढे करून म्हणाले, नाव लिहा. बाईंनी शामरावांकडे पाहिलं, आणि लिहिलं. कंपवात आहे, डॉक्टर म्हणाले. जाणार नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहील. गोळ्यांनी खरंच थोडा फरक पडला. पेला पुन्हा अर्ध्याऐवजी पाऊण भरू लागला. माउस मात्र बाईंना जमला नाही, आणि त्यांनी फार मनावरही घेतलं नाही.

घरात आता एकाच मशीनवर दोन्ही चालू राहिलं. सकाळी दहापर्यंत शामरावांचं विंडोज, शाळेतून आल्यावर बाईंचं डॉस. शामरावांचे निळे डोंगर सोळा रंगांत पोपटी आणि ठिपक्याठिपक्यांचे दिसत. समोरच्या घरातल्या कुसुमबाईंच्या मुलाला कम्प्युटर घ्यायचा होता. त्याने एकदा विचारलं, विंडोज की डॉस, कोणतं घेऊ? दोन-तीन महिन्यांपूर्वी शामरावांनी उत्तर तयार ठेवलं असतं. आता त्यांनी त्याला बसवून घेतलं आणि आधी विचारलं, बसणार कोण, करणार काय, डोळे कसे, हात कसा. विंडोजमध्ये पाठांतर नाही आणि चूक सुधारता येते, पण नजर आणि हात दोन्ही स्थिर पाहिजे. डॉसला पाठांतर पाहिजे, पण एकदा पाठ झालं की एक बोट पुरतं, आणि जुन्या मशीनवरही पळतं. मुलगा म्हणाला, "काका, मला गेम खेळायचे आहेत." "मंग विंडोज घे," शामराव म्हणाले, आणि बैठक संपली.

यादीचं काम एप्रिल-मेमध्ये जोरात चाललं. शाळेला सुट्टी होती. यशवंतरावांनी निरोप पाठवला की कचेरीतले शब्दही घाला, मुलांच्या बापांना तेच अडतात. ते शब्द बाईंना येत नव्हते. शामरावांनी एकतीस वर्षं तेच केलं होतं. ते शेजारी खुर्ची ओढून बसू लागले.

"अर्ज," बाई म्हणाल्या.

"दरखास्तु."

"हे तेलुगू हाय का? हे तर आपलंच झालं, दरखास्त."

"निजामानं दोघांले एकच शब्द देऊन ठेवला, मी काय करू? लिहा. पुढे नकल. तिकडंबी नकलु."

"असं कसं, सगळ्याले उ लावला की तेलुगू?"

"कचेरीत तसंच चालते," शामराव म्हणाले. "बाहेर लावून पाहा अन् मार खा."

बाई हसल्या. हसताना बोट घसरलं आणि नकलमध्ये तीन ल पडले. त्या दोन खोडत असतानाच पंखा मंदावला, पडदा एकदम मिटला आणि खोलीत शांतता झाली. मे महिन्यातली दुपार, वीज जायचीच.

"गेलं ना सगळं?" शामराव दचकून म्हणाले. "सकाळपासूनचे तीस शब्द!"

"एक गेला," पद्मिनीबाई म्हणाल्या. "मी दर शब्दाले सेव करते. उठा, तवर दार उघडा, वारं येऊ द्या."